उगवतीचा मोहल्ला

“अन् आमचा मोहल्ला कुठी हाये?”

यमुताईंनी हे विचारलं, तेव्हा सोनिका विहिरीच्या काठावर उभी राहून वीस-पंचवीस पाहुण्यांना माहिती सांगत होती. नागपूरबाहेरच्या मोकळ्या रानात जुन्या काळचं एक अख्खं खेडं उभारलं होतं, आणि त्या संग्रहालयात ती गाइड होती. अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ आणि तोंडी पाठ केलेली स्वच्छ पुस्तकी मराठी. पाटलाचा वाडा बघून झाला होता. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, तेल्याचा घाणा, सगळं झालं होतं. “या विहिरीवर सारं गाव पाणी भरायचं,” ती म्हणाली, “एकाच कुटुंबासारखं.” तेवढ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या यमुताईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला होता.

“कोणता मोहल्ला, आजी?”

“महारपुरा, गावाच्या उगवतीले. आमचं मौद्याकडचं गाव अस्संच होतं. वाडा, देऊळ, विहीर, सारं बराबर मांडलं तुम्ही. आमचीच घरं राहून गेली.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. यमुताईंची सून माया त्यांच्या शेजारीच उभी होती. ‘चला आई, तुमचं लहानपण बघून येऊ,’ असं म्हणून तिनंच त्यांना हौसेनं आणलं होतं. तिनं हळूच त्यांचं कोपर धरलं.

“आई, जाऊ द्या नं.”

“काहून जाऊ देऊ? तिकीट मीबी काढलं नं.”

सोनिकाची नजर खाली गेली. “नकाशात एवढीच घरं आहेत, आजी.”

“मंग साऱ्या गावानं इथं पाणी भरलं, असं सांगू नोको. माही माय पाणी भराचा पितळी गुंड घेऊन दूर चिंचेखाली उभी राहे. कोणी वरून ओतलं तं पाणी. एकदा दिवस डोक्यावर आला, तरी कोणी ओतलं नाई. मी चार-पाच वर्षांची असन. तहानेनं रडाले लागली, तं मायनं माह्या तोंडावर हात दाबून धरला. रडणं विहिरीपर्यंत ऐकू जाऊ नाई म्हणून.” यमुताईंचा आवाज जराही हलला नाही. “छप्पन साली माह्या बापानं दीक्षा घेतली. गावी वापस आला अन् भावकीले घेऊन आमची आम्ही विहीर खोदली. गोड पाणी लागलं. हेबी सांगत जा.”

“आता कशाला ते उकरून काढायचं, मावशी?” उन्हाचा चष्मा लावलेला एक गृहस्थ म्हणाला. “सगळे सुट्टी घालवायला आलेत.”

यमुताईंनी सूर्य कुठं आहे ते बघितलं आणि उगवतीकडे चालू लागल्या. कुंभाराचं घर मागं पडलं. पुढं बांबूचं कुंपण होतं. त्याचं फाटक ढकलून त्या पलीकडे गेल्या. तिकडे वाळलेलं गवत होतं आणि बांधकामातून उरलेले दगड पडले होते. त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि चार दगड चार कोपऱ्यांना ठेवले.

“हे आमचं घर,” त्या मागून धावत आलेल्या मायाला म्हणाल्या. मग आणखी चार दगड. “हे सुकाजीचं. गावातल्या एकूण एक लग्नात यानंच सनई वाजवली, मांडवाच्या बाहेर बसून. अन् हे हौसाबाईचं. पाटलाची दोन्ही पोरं तिच्या हातावर जन्मली. सव्वा महिन्यानं तिले त्याच वाड्याची पायरी चढू देत नोते.”

माया शहरात वाढलेली. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं पर्स खाली ठेवली आणि दगड वेचून आणू लागली.

पाहुण्यांतले सात-आठ जण कुंपणाशी येऊन थांबले. तेवढ्यात सोनिकाचा फोन वाजला. पलीकडच्या साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येण्याइतका चढा होता. “त्या बाईंना आत आण. आत्ताच्या आत्ता.”

सोनिका फाटकातून बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

“आजी, उठा. तिथं काही नाही. संग्रहालय इथंच संपतं.”

“आमचं गाव इथून सुरू होते, पोरी.” यमुताईंनी मान वर केली नाही. “अजून सतरा घरं मांडाची हायेत. ते मांडून झाल्याबिगर मी उठत नाई. जा, सांग तुह्या साहेबाले.”

“माझी नोकरी जाईल, आजी.”

आता यमुताईंनी तिच्याकडे बघितलं. पोर मायाहून लहान दिसत होती. “तू तुह्यं काम कर,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “म्हातारी ऐकत नाई, म्हणून सांग. ते खोटंबी नाई.”

फोन पुन्हा वाजू लागला. सोनिका हातातल्या फोनकडे बघत राहिली. तो वाजून वाजून थांबला, परत वाजू लागला. मग तिनं तो बंद करून कमरेला खोचला, नथ काढून मुठीत घेतली आणि गवतात मांडी घातली. जवळचे चार दगड तिनं पुढ्यात ओढले.

“आजी, जरा सरका,” ती म्हणाली. “आमच्या गावी आमचं घरबी याच ओळीत होतं.”