भिजत घातलेल्या तिसऱ्या

तपासणीसाठी खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या हव्यात, असा प्रयोगशाळेतून माझ्या नातीचा, गौरजाचा फोन आला आणि मी संध्याकाळच्या ओहोटीला जाऊन टोपलीभर काढून आणल्या. बंदरातल्या होड्यांचं तेल आणि रंग खाडीत उतरायला लागल्यापासून आमच्या वाडीत त्या कोणी खात नव्हतं. गौरजाला तर त्यांची चवच ठाऊक नाही. आता तेल पिंपात जमा करतात, गटारही वळवलंय. पण खाडी खरंच निवळली का, ते या तिसऱ्याच सांगणार होत्या.

सकाळी गौरजा आली. तिने टोपात हात घातला आणि कपाळावर मारून घेतला.

"आजये, ह्यो रात्री भिजत घातलंस?"

"मगे? रेव कचकचणाऱ्यो तिसऱ्यो कोणाक देतत काय? लोकां नावां ठेवतीत."

"अगो, त्येंच्या पोटातलो गाळच माका तपासूचो आसा!"

मी पुन्हा खाडीत उतरले. सासूने दाखवलेली जागा पायांना अजून आठवत होती. या वेळी चिखलासकट पिशवीत भरून दिल्या, पण देताना लाजच वाटली.

परवा तिचा फोन आला.

"काय गो, काय निघाला?"

"आजये, टोपली घे आणि खाडीत जा," ती म्हणाली. "आणि आज रात्री तिसऱ्यो भिजत घाल. उद्या मी जेवूक येतंय."