एकही शेरा नाही

"बाबा, मधे एकही शेरा मारायचा नाही," टीव्हीवर भयपट लावतानाच उर्मीने बजावलं.

फिल्म सोसायटी चालवणाऱ्या मुकुंदरावांच्या मते भयपट म्हणजे नुसती आवाजाची दमदाटी आणि गल्लाभरू सिनेमा म्हणजे जत्रा. पण सुट्टीत आलेली लेक सिनेमा बघायला आईलाच बोलावते, हे त्यांना खुपत होतं. म्हणून आज ते स्वतःहून तिच्याशेजारी बसले.

पडद्यावर पलंगाखालून हात बाहेर आला. उर्मीने किंचाळून त्यांचा दंड घट्ट धरला. कितीतरी वर्षांनी. मुकुंदरावांना भरून आलं.

पण जीभ आवरेना. "बघ, संगीत काढलं तर यात भीती उरेल का? परवा आम्ही दाखवलेल्या इराणी सिनेमात..."

उर्मीने दंड सोडला, सिनेमा थांबवला.

"आई, तू ये गं," तिने आत हाक मारली. "बाबा उठतायत."