पिशवी

एकविसावा दिवस होता. अंडी उबवायच्या मशीनमध्ये एका पिल्लानं सकाळीच टरफलाला भोक पाडलं होतं, पण दुपार झाली तरी ते आतूनच चिवचिवत होतं. करिष्मानं झाकणाला हात घातला.

"उघडू नको," सासू सरस्वतीबाई म्हणाली. "आतली दमट हवा गेली की पडदा वाळून पिल्लाला चिकटतो."

"लई दमलंय ओ आत्याबाई. जरा टरफल काढून देते."

"मागल्या वक्ताला दिलंस की. काय झालं? बलकाची पिशवी पोटाबाहेरच लोंबत होती. रगत थांबलं न्हाई, जागेवर गेलं." सरस्वतीबाई तिच्या शेजारी येऊन बसली. "पिशवीला मदीच हात लावायचा नसतो, बाई. आपण घाई केली की जीव जातो."

करिष्मानं हात मागं घेतला.

दिवेलागणीला पिल्लू आपलं आपण बाहेर आलं. ओलं, थरथरतं, पण धड. चोवीस वर्षांची करिष्मा लहान पोरीसारखी हसली. सरस्वतीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता दोन घास खाऊन घे. पहाटेपासून पाणीबी पिऊ नको, डॉक्टरनं उपाशीपोटी बोलवलंय. दोन लेकरं झाली, आता काय करायची ती पिशवी ठेवून? काढली की दर महिन्याचा तरास गेला. मुकादमाला सांगून बसलेय मी, औंदा उसाच्या फडात तुझा एकबी खाडा पडायचा न्हाई."