मागची लाट

लाँच शेजारून गेली तशी मुंजाजीनं दणादण वल्हं मारलं. मागून पाण्यानं डोंगी उचलली. "आक्का, फुडं वाका," तो म्हणाला. सुलाबाई वाकली, आणि पत्र्याची ती हलकी डोंगी लाँचमागच्या लाटेच्या उतारावरून घसरायला लागली. घसरत होती, पण तळाला पोचत नव्हती. कारण उतारच पुढं पळत होता. मुंजाजीनं वल्हं उचलून मांडीवर घेतलं.

येलदरी धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांची ही जुनी खोड. दोरी नको, वल्हं नको, लाँच पळेल तेवढं फुकटात पळायचं. फक्त लाटेच्या तोंडावर टिकून राहता आलं पाहिजे. फार पुढं झुकलं तर डोंगीचं नाक पाण्यात, मागं रेललं तर लाट बुडाखालून निसटते.

सुलाबाईची आई पहाटेच वारली होती, पल्याडच्या गावात. भावाचा निरोप आला होता : ऊन माथ्यावर येईपर्यंत ठेवतो, मग उचलतो. नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद, आणि समोरून असा वारा, की नुसत्या वल्ह्यावर दिवस बुडाला असता. कुणा साहेबांची सरकारी लाँच त्याच बाजूला निघालेली. ती चालवणाऱ्या बन्सीधरच्या सुलाबाई पाया पडायचीच काय ती राहिली. बंदोबस्ताचे दिवस, परक्या माणसाला आत घेता येत नाही, दोरीही बांधू देता येत नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं. मग हळूच म्हणाला, की मागून कोण येतं ते काही मी बघत नाही. माणूस भला होता.

दोन्ही कडा घट्ट धरून सुलाबाई बसली होती. आईचं तोंड दिसावं, बाकी तिला काही नको होतं. बरंचसं पाणी मागं पडलं. पल्याडची चिंच दिसली, घरं दिसली आणि मग माणसं दिसली. तिरडी खांद्यावर निघाली होती. पण सरण खाली पाण्याकडेला होतं, अजून बरंच चालायचं होतं. डोंगी अशीच गेली तर गाठ पडत होती.

तिरडी बन्सीधरलाही दिसली. मयत दिसली की बैलगाडी थांबते, जीप थांबते, डोक्यावरची टोपी हातात येते. त्याच्या हातानं आपसूक इंजिन कमी केलं. साहेबही उठून उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले.

लाट मात्र थांबली नाही. डोंगीखालून ती सरकली, लाँचला हेलकावा देऊन पुढं निघून गेली. उतारच गेला. डोंगी सपाट पाण्यात जागच्या जागी बसली, आणि वारा तिला मागं लोटायला लागला.

बन्सीधरच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. त्यानं वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. साहेब चला म्हणाले. लाँच पुन्हा पळाली, तिच्यामागं नवी लाट उठली. पण ती डोंगीच्या कितीतरी पुढं होती.

मुंजाजी जीव खाऊन वल्हं मारत होता. सुलाबाईनं हाका मारल्या, वाऱ्यानं त्या तिच्याच तोंडावर परत आणल्या. तिनं पदर हलवला. काठावरच्यांना ती जाळं टाकणारी कुणीतरी वाटली असेल. काय करावं ते तिला कळेना. करण्यासारखं काही नव्हतंच.

काठावर तिरडी खाली ठेवली गेली. तेवढ्यात तिथं पाणी उसळलं आणि कडेला उभी असलेली दोघं-तिघं मागं सरली. धूर निघाला तरी मुंजाजीचा हात थांबला नव्हता.

"आपली लाट पोचली रं बाबा," सुलाबाई म्हणाली. "आता दमानं मार."