वाढवलेला पिकअप

"ब्रेक आधी, इंजिन मग," बाबामियाँ म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.

अमरसिंह गॅरेजच्या दारात उभा राहून किल्ली बोटाभोवती फिरवत होता. "चाचा, ब्रेकला काय झालंय? लागतात की."

"हाय त्या ताकदीला लागतात. ताकद वाढवली तर ब्रेक बी मोठे टाकावे लागतील. सामान सोलापूरहून येणार. चार दिवस जातील."

चार दिवस अमरसिंहाकडे नव्हते. परवा घट बसणार होते आणि दोघे जावई घाटाखाली सासुरवाडीला जाणार होते. दुसरा जावई म्हणजे त्याचा साडू शंभू. शंभूनं पाडव्याला नवी गाडी घेतली होती. तेव्हापासून वाटेत कुठंही गाठ पडली की तो ओलांडून पुढं जायचा आणि काच खाली करून ओरडायचा, "साडूभाऊ, काचा लावून घ्या! आमची धूळ लई उडती." मागच्या सीटवर अमरसिंहाची पोरगी, हर्षाली, खिदळायची. ती सहा वर्षांची होती. तिला गंमत वाटायची. अमरसिंहाची मात्र त्या हसण्यानं झोप उडाली होती.

"ब्रेकचं दसरा झाल्यावर बघू," तो म्हणाला. "तुम्ही फक्त पिकअप वाढवून द्या. जमत नसंल तर तसं सांगा. सोलापुरात दोन तासांत करून देतात."

बाबामियाँनी त्याच्याकडे पाहिलं. हा खरंच सोलापूरला जाईल, हे बहुधा त्यांनी ओळखलं.

"ठेव किल्ली," ते म्हणाले. "सांच्याला ये."

संध्याकाळी त्यानं गाडी सुरू केली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघू लागली. आवाजच तसा होता. पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळत होती. अमरसिंहाचा चेहरा उजळला. बाबामियाँ मात्र हसले नाहीत. "सांभाळून चालव," एवढंच म्हणाले.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी तुळजापूरचा घाट उतरताना पुढं शंभूची गाडी दिसली. अमरसिंहानं पाय दाबला.

"जरा हळू घ्या की," बायको राजेश्वरी म्हणाली. थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

वळणाच्या अलीकडं शंभूच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. भ्याला, असं अमरसिंहाला वाटलं. त्यानं हॉर्न दिला, शंभूला ओलांडलं आणि काच खाली करायला हात नेला.

वळणापलीकडं देवीची ज्योत घेऊन निघालेली पोरं होती. दहाबारा जण, अनवाणी, गावाकडं पळत निघालेली. शंभूला ती वरूनच दिसली होती.

अमरसिंहानं ब्रेकवर दोन्ही पाय दाबले. गाडी घासत गेली. रबर जळल्याचा वास आला. हर्षाली सीटवरून खाली पडली. गाडी थांबली तेव्हा सगळ्यात मागच्या पोराचा तळहात बॉनेटवर टेकलेला होता.

कुणी शिवी दिली नाही. हातातली ज्योत थांबवायची नसते. त्या पोरानं हात उचलला, एकदा काचेतून आत पाहिलं आणि बाकीच्यांमागं पळत गेला. "आई राजा उदो उदो" हा आवाज खालच्या वळणावरून कितीतरी वेळ ऐकू येत होता.

सासुरवाडीहून परतताना राजेश्वरी हर्षालीला घेऊन शंभूच्या गाडीत बसली. अमरसिंह रिकाम्या गाडीतून एकटा आला. सगळा घाट तो दुसऱ्या गिअरमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायच्या आधीच तो दारात येऊन उभा होता. किल्ली धरलेला हात त्यानं खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा खिशात घातला. बाबामियाँ आल्याबरोबर त्यानं घाटातलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"चाचा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. मोठे ब्रेक नकोत आणि ती ताकद बी नको. इंजिन पहिल्यासारखं करून द्या."

बाबामियाँनी शटर अर्धंच वर केलं होतं. ते तसेच पायरीवर बसले.

"पहिल्यासारखं काय करू, बेटा? सायलेन्सर बदलला आन पायाखालची ॲक्सिलरेटरची तार आवळली. म्हटलं, आवाजानं तुझं मन भरंल, सोलापूरला जायचा न्हाईस. इंजिनाला तर म्या हातच लावला नव्हता."