रांगेतली रिकामी जागा

"ताई, तिथे नका काढू चपला! ती रेवतीची जागा आहे."

पाड्यावरच्या शाळेतली सुगंधा मला अडवत होती. संगणकाच्या खोलीबाहेर मुलांच्या चपलांची रांग होती आणि मधोमध एक जोड मावेल एवढी जागा मोकळी.

"कोण रेवती?" मी विचारलं. जणू मला माहीतच नव्हतं.

"दिसत नाही ती. संगणक लावला की येते."

तो संगणक माझ्या मुलीचा. सुरू होताना तो तिच्या आवाजात बोलायचा. तिनेच गंमत म्हणून तसं करून ठेवलं होतं. ती गेल्यावर तो आवाज मला सोसेना, म्हणून मी संगणक या शाळेला देऊन टाकला. मग वेगळंच सुरू झालं. ती रोज परक्यांच्या खोलीत हाक मारते, या विचाराने झोप लागेना. आज मी तो आवाज पुसायला आले होते.

बाईंनी बटण दाबलं.

"आई, रेवती आली गं!"

"ये, बस," मुलं म्हणाली आणि सतरंजीवर जरा सरकली.

मी ती फाइल शोधून काढली. पडद्यावर प्रश्न आला.

पुसायचं?

हो        नाही

"तुम्ही म्हणाल तसं," बाई हळूच म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते रोज संध्याकाळी पडायचं तेच:

"आधी हात-पाय धू."

सगळ्या मुलांनी दाराकडे पाहिलं. सुगंधा उठली, पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तो उंबऱ्यावर ठेवून आली.