अच्युतरावांचं नाक

स्वयंपाकघरातला गॅस डिटेक्टर वाजू लागला, तेव्हा अच्युतरावांनी आधी सिलिंडर बंद केला आणि खिडक्या उघडल्या. पण त्यांना वास काही आला नाही. डिटेक्टरच बिघडला असणार, असं त्यांनी ठरवलं. कारखान्यात असली यंत्रं तपासण्यातच त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती.

त्यांनी तो मोकळ्या गॅलरीत नेला, जाळीवरची धूळ ब्रशने झटकली आणि चाचणीच्या बाटलीतला ठरावीक प्रमाणाचा गॅस त्यावर सोडला. आकडा अचूक आला. पुन्हा सोडला, तरी अचूकच.

तेवढ्यात भाजी घेऊन आलेल्या नलिनीताई दारातच थबकल्या.

"अहो, गॅसचा वास येतोय."

अच्युतराव हातातल्या यंत्राकडे बघत राहिले. "मला नाही येत," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. त्या मोठ्या तापानंतर गेलाय तुमचा वास. परवा दूध करपलं, तर तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, येईल परत. उगाच तुमच्या जिवाला घोर कशाला?"

शेगडीची रबरी नळी चिरली होती. अच्युतरावांनी ती बदलली, डिटेक्टर जागेवर लावला आणि ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी नलिनीताईंनी आमटीला फोडणी घातली.

"हिंग पडला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आता कढीपत्ता टाकतेय. लसूण लालसर होतोय, खमंग सुटलाय वास."

अच्युतरावांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "अजून सांग," ते म्हणाले.